डॉ. रखमाबाईंची उमेदवारी



आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असावे असा आपला प्रघात आहे. या खेपेस ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. स्वयंपाक आटोपल्यावर दुपारी जे वाचले, जाणत्या माणसांना जे विचारले, ते माझ्या भाषेत मांडते.

डॉ. रखमाबाईंचे नाव मी मुद्दाम सुचविले. आपल्या रत्नागिरीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले हे आपण सर्व जाणताच. आमच्या शेजारची एक मुलगी तेथे शिकते. तिची शस्त्रक्रियेच्या वॉर्डातली पाळी सुरू झाली आणि आमच्या आळीत चर्चेला ऊत आला. मुलीच्या जातीला ही कापाकापी कशाला, डोळ्यांचे किंवा लहान मुलांचे काही शिकावे, असे बहुतेकींचे मत पडले. तिची आईसुद्धा मनातून धास्तावलेली. तेव्हा मला वाटले की, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच मराठी घरातली एक मुलगी सातासमुद्रापलीकडे जाऊन हेच शिकून आली होती, तिची हकीगत या निमित्ताने सर्वांनी वाचावी.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. घराणे सुतार समाजातले, खाऊनपिऊन सुखी. आई जयंतीबाई. त्यांचे चौदाव्या वर्षी लग्न झाले, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. सतराव्या वर्षी! आपल्या घरातल्या त्या वयाच्या मुलीला साधी भाकरी थापता येत नाही म्हणून आपण काळजी करतो. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला बंदी नव्हती, म्हणून सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांतले एक हे. लग्नाच्या वेळी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. पुढचे सारे महाभारत घडण्यात या मालमत्तेचाही वाटा होता, असे मला वाटते.

सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात शंका येते. पण रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली ती याच बापाच्या घरी. तरीसुद्धा रूढीपुढे त्यांचेही काही चालले नाही. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या, नात्यातल्याच मुलाशी लावून दिले. मुलगी वयात येईपर्यंत माहेरीच राहायची आणि जावयाने शिकून शहाणे व्हायचे, असे ठरले होते. जावयाने काही शिक्षण घेतले नाही. इकडे मुलगी मात्र मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणवून घरच्या घरी वाचत राहिली, आईबरोबर आर्य महिला समाजाच्या बैठकांना जात राहिली. तिने मनाशी निश्चय केला की, न कळत्या वयात, न विचारता लावून दिलेले हे लग्न आपण मानणार नाही आणि त्या घरी नांदायला जाणार नाही.

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत नोटीस दिली आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. बायको हे आपले हक्काचे माणूस, कोर्टाने ती ताब्यात द्यावी, असा दावा. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी एप्रिलात डॉ. सखाराम अर्जुन वारले होते, म्हणजे ऐन लढाईत घरातला कर्ता पुरुष नाही. दादाजीने अपील केले. अपिलात पहिला निकाल टिकला नाही आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले की, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली.

आता एक गोष्ट आपण रत्नागिरीकरांनी मन मोठे करून वाचायला हवी. ज्या लोकमान्यांचे जन्मघर आपल्या टिळक आळीत आहे आणि ज्याला आपण नमस्कार करून पुढे जातो, त्या लोकमान्यांच्या केसरीने रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले होते. परक्या सरकारने आपल्या धर्मात व घरसंसारात हात घालू नये, हे त्यांचे म्हणणे. माझा लोकमान्यांविषयीचा आदर तसूभरही उणा नाही. पण त्या वेळी त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तर घरसंसार हा शब्द तिच्या बाबतीत कसा लावायचा, हे मला अजून उमगलेले नाही. तिने संसार मांडलाच नव्हता. टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रे आली होती, ती हिचीच निघाली, म्हणून लोकांचा राग आणखीच वाढला.

आणखी एक योग पाहा. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेहून डॉक्टर होऊन आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यानंतर सहा दिवसांनी रखमाबाईंच्या विरुद्ध निकाल लागला. एकीच्या जाण्याने सारा महाराष्ट्र हळहळत होता आणि त्याच आठवड्यात दुसरीला तुरुंग दाखविला जात होता.

विलायतेच्या राणीने मध्ये पडून हे लग्न मोडून दिले, अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती गोड असली तरी त्यावर माझा विश्वास नाही. घडले ते असे की, १८८८ च्या जुलैत दादाजीने २००० रुपये घेतले आणि निकालाची बजावणी सोडून दिली. रुपये मोजून प्रकरण मिटले. रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही.

आता त्यांचे वय तेवीस-चोवीस. ना सासर, ना शाळेचे रीतसर शिक्षण. अशा वेळी त्यांच्या पाठीशी एक इंग्रज बाई उभी राहिली. डॉ. एडिथ पीची. या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि बायकांसाठी निघालेल्या कामा इस्पितळाच्या मुख्य झाल्या. या एडिथबाईंचीही कथा ऐकण्यासारखी आहे. एडिंबराच्या विश्वविद्यालयात वैद्यकी शिकायला ज्या पहिल्या सात बायका गेल्या, त्यांतल्या या एक. १८ नोव्हेंबर १८७० रोजी त्या शरीरशास्त्राच्या परीक्षेला तिथल्या सर्जन्स हॉलमध्ये निघाल्या, तर फाटकावर शेकडो लोकांचा जमाव. विद्यार्थ्यांनी त्यांच्या तोंडावर फाटक लावून घेतले, अंगावर चिखल फेकला. आत जाऊन बसल्या तेव्हा परीक्षेच्या खोलीत कोणी मेंढी ढकलून दिली. शिकलेसवरलेले तरुण, आणि हा पराक्रम! शेवटी त्या विश्वविद्यालयाने या सातजणींना पदवी दिली नाही ती नाहीच. एडिथबाईंना दुसरीकडून परीक्षा द्यावी लागली. अशा बाईला रखमाबाईंचे दुःख सांगावे लागले नसेल.

विलायतेच्या शिक्षणासाठी निधी जमला. इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांनी ५०० रुपये दिले. १८८९ साली रखमाबाई बोटीने निघाल्या. तिकडे मॅकलारेन नावाच्या पतिपत्नींनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. लंडनमध्ये बायकांची वैद्यकीय शाळा १८७४ साली निघाली होती, तीत त्यांनी नाव घातले.

शाळा निघाली खरी, पण मोठी अडचण निराळीच होती. पुस्तके वाचून आणि मृतदेहाची चिरफाड पाहून कोणी सर्जन होत नाही. त्याला जिवंत रोगी लागतात, वॉर्ड लागतो. लंडनचे एकही मोठे इस्पितळ बायकांना आत घेईना. तीन वर्षे शाळेने दारोदार खेटे घातले. अखेर १८७७ साली ग्रेज इन रोडवरच्या रॉयल फ्री इस्पितळाने होकार दिला, तोही शाळेकडून पैशांची हमी घेऊन. कारण विद्यार्थिनी आल्या तर देणगीदार पळतील, अशी भीती. नावाप्रमाणे हे इस्पितळ गोरगरिबांना मोफत औषधपाणी देणारे. रखमाबाई शिकल्या त्या या इस्पितळात.

तेथे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात विद्यार्थ्यांना जी उमेदवारी करावी लागे, तिला ड्रेसर म्हणून काम करणे म्हणत. ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारा. नाव हलके, पण काम भारी. प्रत्येकाला काही खाटा नेमून दिलेल्या. त्या खाटांवरच्या रोग्यांची हकीगत लिहून घ्यायची, रोज जखमा धुऊन बांधायच्या, मोठे सर्जन फेरीला आले की रोग्याविषयी विचारतील ते सांगायचे आणि आपल्या रोग्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहून पडेल ते काम करायचे. अपघाताचे रोगी येत तेथेही पाळी असे. मोडलेले हात, भाजलेली अंगे, यंत्रात सापडलेली बोटे, सारे प्रथम या शिकाऊ उमेदवारांच्या पुढ्यात येई. ज्या मुलीला भर कोर्टात मालमत्तेसारखे मागितले गेले होते, तिच्या हाती परक्या देशातली माणसे आपल्या जखमा विश्वासाने देत होती.

त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचा खेळ. गुंगीची औषधे १८४६-४७ पासून आली होती, म्हणून वेदना कळत नसे. पण पुढे जखम चिघळून माणसे जात. लिस्टर नावाच्या सर्जनने १८६७ साली कार्बोलिक वापरून जंतू मारण्याची रीत सांगितली आणि रखमाबाई शिकत होत्या त्या वर्षांत हत्यारे वाफेवर निर्जंतुक करण्याची पद्धत रुजत होती. रबरी हातमोजे अजून सर्वत्र झाले नव्हते. क्ष-किरण सापडले १८९५ साली, म्हणजे त्यांचे शिक्षण संपल्यावर. हाड कुठे मोडले ते बोटांनी चाचपून ओळखायचे. रक्ताचे गट १९०१ साली कळले, म्हणून रक्त चढविण्याची आजच्यासारखी सोय नाही. जे काही होते ते डोळे, बोटे आणि स्वच्छता यांच्यावर. ही तीन हत्यारे बायकांच्या जवळ पुरुषांपेक्षा कमी असतात असे मला तरी कोणी पटवून देऊ शकणार नाही.

आमच्या शेजारच्या मुलीला मी विचारले की, आता तुझ्या पाळीत काय करावे लागते. तिने जे सांगितले ते ऐकून मला नवल वाटले, कारण मूळ काम फारसे बदललेले नाही. सकाळी लवकर वॉर्डात जायचे, रोग्याजवळ बसून सारी हकीगत काढायची. पोटात कधीपासून दुखते, गाठ केव्हा दिसली, खोकल्यावर मोठी होते का. आपल्याकडचे रोगी म्हणजे अंतर्गळ, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, मधुमेहाने चिघळलेला पाय, कोयता लागलेला हात. आणि हंगामात आंब्यावरून, माडावरून पडलेले. म्हाताऱ्या बायका डॉक्टरला काही सांगत नाहीत, पण या मुलीला लेकीसारखे सांगतात, असे ती म्हणाली. यावर आमच्या आळीतल्या टीकाकार बायकांनी विचार करावा.

शस्त्रक्रियेच्या खोलीत जायचे तर आधी बाहेरचे कपडे बदलून तिथले कपडे, टोपी व तोंडावर पट्टी. रोग्याजवळ मदतीला उभे राहायचे असेल तर नखांपासून कोपरापर्यंत हात घासून धुवायचे आणि मग ते वर धरून यायचे. कुठे टेकायचे नाहीत. नाक खाजले तरी हात लावायचा नाही. मला आपले सोवळे आठवले. आजीच्या सोवळ्याला शिवलो की ओरडा बसायचा, तसाच तिथे निर्जंतुक कापडाला चुकून हात लागला तर ओरडा बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवावे लागतात. फरक इतकाच की या सोवळ्याचे कारण कोणीही विचारावे, ते सांगतात.

शिकाऊ मुलांच्या हाती कोणी सुरी देत नाही, हे ऐकून तिच्या आईचा अर्धा जीव खाली आला. बहुतेक वेळ नुसते उभे राहून पाहायचे. जवळ घेतलेच तर जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवायचे हत्यार हाती देतात, ते तासभर न हलवता धरायचे. टाका घातल्यावर दोरा कापायला सांगतात. मध्येच मोठे डॉक्टर विचारतात की ही शीर कोणती, ही नस कुठे जाते. आदल्या रात्री वाचले असेल तर उत्तर येते, नाही तर सर्वांदेखत मान खाली. पहिल्या दिवशी पुष्कळ मुलामुलींना घेरी येते, मुलांनाही. म्हणून उपाशीपोटी जायचे नाही, गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न धरता सांगून मागे सरून भिंतीशी बसायचे. रोग्याच्या अंगावर पडण्यापेक्षा ते बरे. घेरी आली म्हणजे सर्जन होता येत नाही, असे काही नाही. टाक्यांच्या गाठी मारायला ती घरी आमच्या झोपाळ्याच्या कडीला दोरा बांधून शिकते. एका हाताने, न पाहता, गाठ सरळ बसली पाहिजे. मी गजरे ओवणारी बाई. मला त्या गाठीचे कौतुक वाटते.

रखमाबाईंची पाच वर्षे अशी गेली. परीक्षेची वेळ आली तेव्हा पुन्हा आडकाठी. लंडनच्या सर्जनांच्या रॉयल कॉलेजाने विसाव्या शतकाचे पहिले दशक सरत येईपर्यंत बायकांना परीक्षेला बसू दिले नाही. म्हणून त्या स्कॉटलंडला गेल्या आणि एडिंबरा व ग्लासगोच्या वैद्यकांच्या व सर्जनांच्या संस्थांची परीक्षा देऊन १८९४ साली सनद मिळविली. ज्या सर्जन्स हॉलच्या फाटकावर एडिथबाईंवर चिखल उडाला होता, तो हॉल याच एडिंबराच्या सर्जनांचा. चोवीस वर्षांनी त्यांच्या मानसकन्येला तेथूनच सनद मिळाली. एम. डी. मात्र बेल्जममध्ये ब्रसेल्सला जाऊन केली. हिंदुस्थानात डॉक्टरकी करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. (बंगालच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीच्या, हे सांगितले पाहिजे.)

परत आल्यावर थोडे दिवस कामा इस्पितळात काम करून त्या १८९५ साली सुरतेला बायकांच्या इस्पितळाच्या मुख्य म्हणून गेल्या आणि तेथे बावीस वर्षे राहिल्या. पहिल्या दिवसांत इस्पितळात बाळंतपणाला कोणी येईना. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, हा समज. सांगतात की, रखमाबाईंनी इस्पितळाच्या आवारात एका मुक्या जनावराचे बाळंतपण करून दाखविले, तेव्हा बायकांची भीड चेपली. खरे असो वा नसो, त्यांना घरोघर जाऊन मन वळवावे लागले असणार, हे आपण बायका समजू शकतो. अडलेली बाळंतीण, आडवे मूल, वरून पडदा. पुरुष डॉक्टर बाहेर उभा, बाई आत मरते, पण त्याला आत घेत नाहीत. अशा ठिकाणी हातात शस्त्र धरू शकणारी बाई नसती तर त्या जिवांना कोण होते? शस्त्रक्रिया बायकांना कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला या सुरतेच्या हकिगतीत सापडले. त्यातच प्लेग आला. शहरे ओस पडली, माणसे माणसांना टाकून पळाली. रखमाबाई जागेवरून हलल्या नाहीत.

१९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. ज्याला नवरा म्हणून मानले नाही, ज्याच्यासाठी तुरुंगाला तयार झाल्या, त्याच्या मागे हे पांढरे लुगडे का? मंडळात मी हा विषय काढला तेव्हा दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, लोकांच्या तोंडाला कंटाळल्या असतील, तशा वेषात विधवांच्या घरात डॉक्टरला सहज जाता येत असेल. काहीजणींना वाटले, शेवटी संस्कार सुटत नाहीत. मी कोणत्याच बाजूला नाही. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही, एवढे खरे.

१९१७ च्या सुमारास त्या राजकोटच्या बायकांच्या इस्पितळात गेल्या आणि तेथे बारा-तेरा वर्षे काम करून निवृत्त झाल्या. मग मुंबईस येऊन राहिल्या. १९२९ साली पडदा मोडावा असे सांगणारी एक पुस्तिका त्यांनी इंग्रजीत लिहिली. पासष्टीला आल्या होत्या, तरी लेखणी तशीच. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे पुरी होऊन एक्क्याण्णवावे लागलेले असताना, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्याच १९५५ च्या मे महिन्यात हिंदू विवाहाचा कायदा झाला होता आणि हिंदू बाईला नवऱ्यापासून कायदेशीर सुटका मागता येऊ लागली. त्या वृद्ध डॉक्टरीणबाईंना ही बातमी हयातीत मिळाली. आपल्या मंडळातल्या वकीलबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती येथे नोंदवून ठेवते. नवराबायकोपैकी एकाने दुसऱ्याला नांदायला आणण्यासाठी कोर्टात मागणी करायची, हे दादाजीच्या दाव्याचे मूळ त्या कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे. तुरुंगाची शिक्षा तेवढी १९२३ सालीच गेली.